जांभई दिसली की हाक मारा

जांभईला घाबरावं लागतं हे लीलाबाईला पस्तिशीत कळलं. तिचा नवरा नाथाजी मशिनवर पडलेला असताना वरचेवर जांभया देऊ लागला की समजायचं, याचं ब्लडप्रेशर खाली चाललंय. आधी जांभई. मग कपाळावर गार घाम. मग डोळे वर. मधे फार वेळ मिळत नाही.

अठ्ठ्याहत्तर साल. सांगलीत एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या अंगाला डायलिसिसची खोली. नाथाजीच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. फौजेतून हवालदार म्हणून सुटून आला, इस्लामपूरजवळच्या आपल्या गावात उसाला पाणी पाजायला लागला आणि बघता बघता तोंड सुजलं, पाय सुजले, लघवी बंद झाली. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी एस्टीनं सांगली गाठायची आणि मशिनवर पडायचं. धाकटा भाऊ सयाजी अजून फौजेत होता, पार वर सरहद्दीवर. त्यानं कळवलेलं होतं, माझी एक किडनी काढा नि दादाला घाला, रजा मिळाली की ऑपरेशनला वेल्लोरला जाऊ. रजा काही मिळत नव्हती. तोवर नाथाजीला जितं ठेवायचं, एवढं एकच काम लीलाबाईच्या गळ्यात होतं.

जितं ठेवायचं म्हणजे घरी पाणी तोडायचं आणि दवाखान्यात जांभया बघायच्या.

लघवी नाही म्हटल्यावर पोटात गेलेलं पाणी अंगातच साठतं. मशीन ते दोनतीन दिवसांचं पाणी एका बैठकीत ओढून काढतं. ओढ जरा जास्त झाली की माणूस कोसळतो. मग मशिनचा दाब उतरवायचा, सलाइनची बाटली भराभर सोडायची आणि कॉटचा पायथा उचलून खाली विटा सरकवायच्या, म्हणजे पाय वर नि डोकं खाली. कॉट लोखंडी, वर माणूस. एकीनं उचलायची, दुसरीनं विटा घालायच्या. एका पेशंटला दोन बायका लागतात. खोलीत पेशंट दोन आणि नर्सा दोनच. दोन्ही पेशंट एकदम कोसळले तर काय, याचं उत्तर दवाखान्यात कुणापाशी नव्हतं, आणि विचारणाऱ्याला उद्धट म्हणायची पद्धत होती.

उमा सिस्टर विचारायची. साताऱ्याची, लग्न न केलेली, तिखट जिभेची. तिच्या हाताखाली चारुशीला, नुकती पास झालेली, पोरसवदा, प्रत्येक गोष्टीला आधी घाबरणारी आणि मग नीट करणारी. लीलाबाईला जांभई ओळखायला शिकवली ती उमानंच. हौसेनं नाही, नाइलाजानं.

"झोपेची जांभई वेगळी, बाई. ती माणूस तोंडभर देतो. ही कोरडी असते, एकामागनं एक येते. दिसली की हाक मारा. लाजू नका, मोठ्यानं मारा."

"आमच्या हिला वराडायला शिकवू नका शिस्टर," नाथाजी कॉटवरनं म्हणाला. "ते आईच्या पोटातनं शिकून आलीया."

"तुमी गप पडा. जांभई दिऊ नका म्हंजी मी वराडत न्हाई."

"हुकूम म्याडम."

असं चाललं होतं. लीलाबाई स्टुलावर बसून सगळा वेळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं. बघायला वेळ कुणाला होता? शेजारच्या मशिनवर सांगलीचे गोपाळकृष्ण वकील असायचे. त्यांचा मुलगा स्कूटरवरनं सोडून जायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. त्यांच्या तोंडाकडं बघायला कुणी नव्हतं.

मग तिसरं मशीन आलं. पेठेतल्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी दिलं. मांडव घातला, नारळ फोडला, भाषणं झाली, मशिनला हार घातला. मशिनवर पितळी पट्टी होती आणि पट्टीवर देणाऱ्यांची नावं. तिसरी नर्स कुणी दिली नाही. नर्सच्या कपाळावर देणगीदाराचं नाव कुठं कोरता येतं?

उमा डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले, कामाला वाघ, पण खोलीत उभं राहण्यापेक्षा खोलीतून निघण्याची घाई जास्त.

"सर, तीन पेशंट आम्ही दोघी नाही सांभाळू शकत. एक कोसळला की आम्ही दोघी त्याच्यापाशी अडकतो."

"मी काय करू? नर्सा झाडाला लागतात? शिकवलेली एक मुंबईला गेली, एक आखातात गेली. ट्रस्टी म्हणतात आधी चालवून दाखवा, मग पोस्ट बघू."

"चालवून दाखवलं तर ते पोस्ट देतील?"

डॉक्टरांना हे कळलं. मान वळवून ते लीलाबाईकडं बघायला लागले.

"या बाईंना चांगलं जमतं की. वकिलांच्या नि यांच्या कॉटमधे स्टूल ठेवा. दोघांकडं बघतील."

"सर, त्या पेशंटच्या बायको आहेत. स्टाफ नाहीत."

"काय बाई, बघाल ना?"

ज्याच्या हातात नवऱ्याचा जीव आहे त्याला नाही कसं म्हणायचं? लीलाबाई म्हणाली, "बघीन की."

डॉक्टर गेल्यावर उमा तिच्यावरच उखडली. "कशाला हो म्हणालात? तुम्ही फुकट करताय म्हणून आम्हाला माणूस मिळत नाही, एवढं कळत नाही का तुम्हाला?"

"कळतंय शिस्टर. पर त्येंनी उद्या म्हटलं, तुमच्या मालकाचा नंबर दुसऱ्याला देतो, मग?"

उमानं स्टूल उचललं आणि दोन कॉटांच्या मधे आणून ठेवलं.

तिसऱ्या मशिनवर तासगावचा हरिबा आला. बेदाण्याच्या शेडवर काम करणारा तरणा गडी. मशिनच्या सुईसाठी ऑपरेशन करून केलेली त्याच्या हाताची शीर अजून नवी होती आणि सुई सारखी हलायची. त्याच्यापाशी एकीला सतत उभं राहावं लागे. म्हणजे बाकी दोघांसाठी नर्स उरली एक, आणि लीलाबाई.

एका शुक्रवारी नाथाजीची आई बनुबाई हट्टानं बरोबर आली. म्हातारीला वाटायचं, सून पोराला वाळवतीय. घरी दिवसाला दोन पेले पाणी मिळायचं त्याला. भर उन्हाळ्यात तो ओला पंचा तोंडावर धरून बसायचा, तेव्हा म्हातारी उठून परसात जायची, कारण बघवायचं नाही.

"पान्याला म्हाग केलंस गं लीले माझ्या पोराला. दारात हीर, हिरीला पानी, आन् घरात ह्यो जीव तळमळतोय."

"आत्याबाई, पानीच त्येंचा जीव घेनार हाय. डाक्टर सांगत्यात."

"पानी जीव घेतंय व्हय गं? कुनी ऐकलंय का कवा?"

म्हातारीच्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता, कृष्णामाईचं पाणी भरलेला. कशासाठी ते तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

बैठक सुरू होऊन बराच वेळ झाला होता. बनुबाई लेकाच्या उशाशी भुईवर बसली होती. लीलाबाई दोन कॉटांच्या मधे. तिनं बघितलं, वकिलांनी जांभई दिली. परत दिली.

"शिस्टर! वकिलांस्नी जांभई!"

उमाच्या बोटाखाली हरिबाची सुई होती, सुईतनं रक्त येत होतं, ती सोडता येईना. चारुशीला धावली. दाब उतरवला, बाटली सोडली, आणि कॉटला हात घातला तर ती काडीसारखी पोरगी, कॉट हलेना. "लीलाबाई, या हो!" लीलाबाई उठली. उसाच्या मोळ्या उचललेली बाई, तिनं पायथा उचलला, चारुशीलानं विटा सारल्या. वकील ओकायला लागले. चारुशीलानं त्यांची मान धरली, लीलाबाईनं भांडं धरलं.

तेवढ्यात इकडं नाथाजी जांभया देत होता. म्हातारी त्याच्याकडंच बघत होती. तिला वाटलं, लेकराला झोप येतीय, बरं झालं.

मग त्याचे डोळे वर गेले.

"नाथा! ए नाथा! आगं बायांनू, धावा गं!"

उमानं हरिबाचा दुसरा हात धरून त्याच्याच सुईवर दाबला. "धर घट्ट, सोडलंस तर मेलास," म्हणाली आणि पळत आली. दाब उतरवला. एकटीनं पायथा उचलला. "आजी, त्या विटा सारा! आत सारा!" म्हातारीनं विटा सारल्या. बाटली टांगलेलीच होती, पण ती निम्मी, बाकीच्या बाटल्या पलीकडच्या कपाटात. उमा कपाटाकडं धावली.

बनुबाईनं लेकाकडं बघितलं. डोकं खाली, पाय वर. तोंड राखेसारखं. ओठ सुकून फुटलेले. बोटं गार. असे गार हात तिनं आयुष्यात तीन वेळा हातात घेतलेले होते आणि तिन्ही वेळा पुढं काय झालं ते तिला ठाऊक होतं. तिनं तांब्याची फिरकी उघडली. महिनोन् महिने पाण्यासाठी तळमळलेलं पोर, निदान तहानेलं तरी जाऊ नये. तिनं त्याच्या तोंडात कृष्णेचं पाणी ओतलं. थेंबभर नाही. पोटभर.

बेशुद्ध माणूस गिळत नाही. पाणी छातीत गेलं. नाथाजी एकदा खोकला, मग खोकलाही थांबला आणि तोंड निळं पडलं.

उमाच्या हातातली बाटली फुटली. तिनं त्याला कुशीवर उलटं केलं, तोंडात नळी घातली, पाणी ओढलं, पाठीवर थापा मारल्या. लीलाबाईच्या हातातलं भांडं कधी पडलं तिला कळलं नाही. हरिबा पलीकडं स्वतःचा हात स्वतः दाबून रडत होता. कितीतरी वेळानं नाथाजीनं घरघर करत श्वास ओढला.

डॉक्टर आले तेव्हा तो पुन्हा श्वास घेत होता. त्यांनी छाती तपासली, इंजेक्शनं सांगितली, आणि मग वळले.

"पाणी कुणी पाजलं?"

"म्या," बनुबाई म्हणाली.

"म्हातारे, मारला असतास पोराला! अक्कल आहे का? हीच तुमची अडाणी माणसं आत घेतली की असं होतं."

म्हातारीनं हातातल्या रिकाम्या तांब्याकडं बघितलं. "तहानेलं जातंय म्हनून पाजलं वं," एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली.

लीलाबाई पुढं आली. "मी कुठं हुते, इचारा की."

"काय?"

"मी ह्येंच्या उशाला हुते का? न्हवते. मी वकिलांचं वकनं भांड्यात धरत हुते. तुमी बशिवलं मला तिथं. शिस्टर त्या पोराची सुई धरून हुती. आत्याबाईला कुनी शिकवलं हुतं का जांभई? माझी जागा तुमी काढली, म्हनून तिथं पानी आलं."

"आवाज खाली करा. हा दवाखाना आहे."

"दवाखाना हाय तर मग मानसं ठेवा की!"

चार दिवसांनी दारावर पाटी लागली. डायलिसिसच्या खोलीत नातेवाइकांना सक्त मनाई. ट्रस्टींचा निर्णय. घडलं त्याचं कारण त्यांना सापडलं होतं आणि ते कारण म्हणजे म्हातारी. नर्सा दोनच राहिल्या. मशिनं तीनच चालू राहिली.

नाथाजीच्या छातीत पू झाला. ताप डोक्यात गेला. त्याच तापात त्याला दोनतीनदा मशिनवर घेतलं, तेव्हा लीलाबाई बंद दाराबाहेर बसून होती. आतून नर्सांच्या पळण्याचा आवाज यायचा आणि कुणासाठी पळतायत ते कळायचं नाही. एकदा उमा बाहेर आली. "आज दोनदा गेलं त्यांचं ब्लडप्रेशर," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मी वेळेवर पोचले ते नशीब. रोज नशिबावर नाही होत, बाई."

सयाजीचा निरोप आला होता. दिवाळीनंतर रजा मंजूर. म्हणजे अजून दीड महिना काढायचा होता, त्या बंद दारामागं.

धोंडुबाई नावाची आया तिथं फरशी पुसायची, भांडी न्यायची. तिनं सगळं बघितलेलं होतं. ती लीलाबाईला जिन्याखाली घेऊन गेली आणि आपलं निळ्या काठाचं पांढरं लुगडं तिच्या हातात कोंबलं.

"हे नेस नि जा आत."

"आन् वळकलं तर?"

"आगं, सोळा वर्सं हितं झाडतीया मी. अजून डाक्टर मला शेवंता म्हनत्यात. आमच्या तोंडाकडं कोन बघतंय? लुगड्याकडं बघत्यात. नेस."

शुक्रवारी लीलाबाई आत गेली. उमानं ओळखलं, चारुशीलानं ओळखलं, दोघी बोलल्या नाहीत. नाथाजी हाडांचा सापळा झाला होता, तरी डोळ्यांनी हसला.

"भरती झालीस व्हय?"

"गप पडा."

ती हातात फडका घेऊन त्याच्या कॉटपाशीच फरशी पुसत राहिली. तीच तीच फरशी. डॉक्टर फेरीला आले. "बाई, वकिलांचं भांडं उचला." तिनं उचललं, मान मागं वळवून वळवून गेली, धावत आली. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, म्हणजे लुगड्याकडं. वकिलांना रक्त चढवायचं होतं. वकिलांचं ब्लडप्रेशर तोळामासा झालं होतं आणि चारुशीला त्यांच्यापासनं हलू शकत नव्हती. हरिबापाशी उमा.

"बाई, खाली लॅबमधे जा. रक्ताची बाटली तयार आहे, घेऊन या."

नाथाजीनं जांभई दिली होती. कोरडी. आणि आणखी एक.

"न्हाई जात," लीलाबाई म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"न्हाई जात. शिस्टर! ह्येंस्नी आली!"

डॉक्टरांनी आता पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं. "तुम्ही? तुम्ही इथं कशा? पाटी वाचता येत नाही? आत कुणी सोडलं हिला?"

तोवर उमा हरिबाला त्याची सुई धरायला लावून आली होती आणि नाथाजीच्या दंडाला पट्टा बांधून पारा बघत होती. "साठ," ती म्हणाली. "सर, ओरडायचं नंतर ओरडा. कॉट उचला."

"मी?"

"मग कोण? आहे का कुणी?"

डॉक्टरांनी खोलीत चौफेर बघितलं. खरंच कुणी नव्हतं. त्यांनी वाकून लोखंडी पायथा धरला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा त्यांचा चष्मा नाकावरनं घसरला, तोंड लाल झालं, पायथा वर आला आणि लीलाबाईनं विटा आत सारल्या. उमानं बाटली सोडली. सगळे नाथाजीच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. त्याच्या कपाळावरचा घाम थांबला. ओठांना रंग आला. उमा म्हणाली, "नव्वद."

डॉक्टर कंबर धरून उभे होते. "दिवसातून किती वेळा करता हे?"

"मोजत नाही," उमा म्हणाली. "मोजायला कोण मोकळं असतं?"

रक्ताची बाटली आणायला शेवटी डॉक्टरच गेले. परत आले, ती चारुशीलाच्या हातात दिली आणि लीलाबाईपाशी येऊन थांबले. आवाज खाली होता.

"पाटी ट्रस्टींची आहे. मला ती काढता येणार नाही. तुम्ही या लुगड्यात येत असाल तर मी बघितलं नाही."

लीलाबाईनं हात जोडले.

"पण एक करा. सोमवारी आणि गुरुवारीही या. तेव्हाही तीन पेशंट असतात. त्यांची माणसंही नसतात आत."

इथं कुणाला वाटेल डॉक्टर सुधारला. डॉक्टरला फुकटचे दोन हात सापडले होते, एवढंच झालं होतं. आणि तो नालायकही नव्हता, हीच यातली घाण. त्याला त्या तिघांना खरंच वाचवायचं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवरनं.

उमा पारा बघायचं सोडून लीलाबाईकडं बघत होती. वर्षभर ती एक माणूस मागत होती. बाई हो म्हणाली की ती मागणी संपली. ट्रस्टी म्हणणार, चाललंय की. लीलाबाईला हे कळत होतं. नाही म्हटलं तर मंगळवारी दार बंद, हेही कळत होतं. दिवाळी अजून लांब होती.

"येते," ती म्हणाली.

डॉक्टर मान हलवून निघून गेले.

उमानं पुन्हा पाऱ्याकडं तोंड फिरवलं. लीलाबाई म्हणाली, "शिस्टर, रागावलासा?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर रागावून काय करू? तुमच्या जागी मी असते तर मीही येते म्हणाले असते." उमानं पट्टा सोडून परत बांधला, जरा जोरातच. "तिसरी नर्स आता येत नाही, लीलाबाई. आता तुम्हीच. मग नुसती जांभई बघून नाही भागणार. या इकडं. हे कानाला लावा. हा रबरी फुगा दाबा."

लीलाबाईनं कानाला नळ्या लावल्या. फुगा दाबला. पारा चढला. "आकडं इंग्रजी हायत वं शिस्टर."

"आकडं सोड, मोठ्या रेघा बघ, नववी म्हंजी नव्वद," नाथाजी डोळे मिटूनच म्हणाला. "खालनं मोज. फौजेत मला आधी ह्येच शिकवलं."

"तुमी बोलू नका. ऐकू येत न्हाई मला."

"काय ऐकू येत नाही?" उमा म्हणाली. "ठोका. हवा हळू सोडा आणि ठोका ऐका."

लीलाबाईनं हवा सोडली. एकदम सगळी सुटली आणि पारा धाडकन खाली आला.

"हळू म्हणाले मी. परत."

तिनं परत फुगा दाबला.